उभा वास

१

रविवारी दुपारी जेवणं उरकली, भांडी घासून पालथी घातली, की दोघी बहिणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसत. टेबलावर पांढरी चादर, दोन निमुळते ग्लास, पाण्याचा जग आणि एक बाटली. धाकटी ग्लासात नाक घालून काय येतंय ते सांगे. थोरली ऐकून घेई आणि शब्द अडला की पुरवी.

"हिरवं काहीतरी आहे," धाकटी म्हणे.

"हिरवं म्हणजे काय? गवत, की कच्चं सफरचंद, की शेंगा सोलल्यावर बोटांना येतो तो?"

"तो शेंगांचा."

"मग शेंगा म्हण. हिरवं हा रंग झाला."

असं तासभर चाले. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, बायकांना दुसरे उद्योग नाहीत.

थोरलीचा उद्योग मात्र एके काळी हाच होता. शहराबाहेरच्या एका वाइनच्या कारखान्यात ती चाखण्याचं काम करायची. कुठल्या पिंपातली वाइन कुठल्या पिंपात मिसळायची, कुठली अजून झोपू द्यायची, कुठली वाया गेली, हे ती नाकावर ठरवायची. लोक नाकासमोर चालतात, ही नाकावर चालते, असं तिथले जुने कामगार म्हणत. मग एकदा साधा ताप आला. ताप चार दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणून सगळ्यांनी वाट पाहिली. वास आला नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. थोरलीचं उलटं झालं. नाक बंद झालं आणि तोंडही मिटलं. जेवायची, पण घास मोजल्यासारखा गिळायची. कारखान्याने माणुसकी दाखवली आणि तिला बाटल्या भरण्याच्या विभागात घेतलं. तिथे पट्ट्यावरून सरकणारी प्रत्येक बाटली मागच्या दिव्यासमोरून जाते, आणि आत कण, केस, काचेचा कपचा आहे का ते बघायचं असतं. नाकाची नोकरी गेली, डोळ्यांची लागली.

कामाने ती दमत नव्हती. काम बसून होतं. पण घरी येई तेव्हा दार उघडायचंसुद्धा तिच्या जिवावर येई. धाकटी घरीच कपडे दुरुस्तीचं काम करायची. बाह्या आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल. तिचं लग्न थोडेच दिवस टिकलं आणि ती बहिणीकडे आली, ती राहिलीच. थोरलीने तिला तेव्हा उचलून धरलं होतं, हसतं केलं होतं. आता तीच थोरली संध्याकाळी भिंतीकडे बघत बसते हे तिला पाहवेना. म्हणून हा रविवारचा खेळ तिने काढला. तुझं नाक नाही ना, मग माझं घे, म्हणाली.

त्या रविवारी बाटली विकत आणलेली नव्हती. सकाळी धाकटीने कपाटाच्या खालच्या खणातून एक जुनी शाल ओढली, तर तिला चिकट डाग. शालीत एक बाटली आडवी ठेवलेली होती आणि तिच्या बुचाला पाझर फुटला होता. पांढऱ्या वाइनची बाटली. थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा एकटीने ठरवलेलं मिश्रण. चाखण्याच्या खोलीतून कायमची बाहेर पडली त्या दिवशी तिने ती घरी आणली होती आणि चांगला दिवस बघून उघडू म्हणून ठेवून दिली होती.

"चांगला दिवस येईपर्यंत ही सगळी शालीतच जाईल," धाकटी म्हणाली. "आज उघडू."

थोरलीला वाद घालायचं त्राण नव्हतं. उघड, म्हणाली.

२

बूच अर्ध्यावर तुटलं. उरलेलं आत ढकलावं लागलं, आणि वाइन चहाच्या गाळणीने गाळून घ्यावी लागली. रंग मात्र बघण्यासारखा होता. ठेवली तेव्हा ती गवताच्या पात्यासारखी फिकट होती. आता मुरून मुरून जुन्या पितळेसारखी झाली होती. थोरलीने ग्लास पांढऱ्या चादरीवर तिरपा धरला आणि कडेला रंग कसा पातळ होत जातो ते पाहिलं. तेवढं तिला अजून जमत होतं.

धाकटीने नाक घातलं. पुन्हा घातलं. ग्लास फिरवला, तळवा वर ठेवून थोडी थांबली, मग पुन्हा हुंगलं.

"काहीच नाही गं ताई."

"नीट बघ. जुनी असली की वेळ लागतो."

"नीटच बघतेय. पाणी आहे हे. पाण्याला तरी काहीतरी येतं."

थोरलीला वाईट वाटायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत तेही झिजून गेलं होतं. मेली असेल, असं म्हणून तिने सवयीने एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि तिला वास आला.

ती हलली नाही. तापानंतर असं दोनदा झालं होतं. एकदा काहीतरी जळल्याचा वास आला आणि दोघींनी सगळी शेगडी उलटीपालटी केली. तो वास नव्हताच, डोक्यातला खेळ होता. त्या दिवशी दोघी रडल्या होत्या. म्हणून या वेळी ती आधी खात्री करून घेणार होती. तिने जुन्या शिस्तीने तपासणी केली. ग्लास दूर सरकवून वर बशी झाकली. वास तसाच. दोन बोटांनी नाक दाबलं. वास गेला. बोटं काढली, वास आला. म्हणजे तो हवेतूनच येत होता, डोक्यातून नाही.

उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा वास. त्याच्याखाली पेन्सिल तासल्यावर निघतो त्या भुशाचा. मग जरासा दुधाळ. आणि अगदी शेवटी लोखंडी, किल्ली मुठीत धरून ठेवली की तळव्याला राहतो तसा. वाइनमध्ये यातलं काही असायचं कारण नव्हतं. आणि तो ग्लासातून येतही नव्हता. तो तिच्या पाठीमागून येत होता, स्वयंपाकघराच्या दारातून, घरातल्या बोळातून.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. ओतून नको टाकूस. राहू दे फ्रिजमध्ये."

धाकटीने मान हलवली आणि चादर घडी करायला घेतली.

३

दुसऱ्या दिवशी वास नव्हता. थोरली कामावरून आली, चपला काढल्या, बोळात उभी राहून खोल श्वास घेतला. नेहमीचं कोरडं काहीच नाही. तिने फ्रिजमधून बाटली काढून चमचाभर वाइन घेतली. घसा ओला होतो न होतो तोच वास आला.

मग रोजचं ठरून गेलं. घरी यायचं, बाटली काढायची, चमचाभर घ्यायची. धाकटी पुढच्या खोलीत मशीनवर असायची. मशीनची घरघर चालू असेपर्यंत कुणी विचारायला येत नसे. तहानलेल्याला ओहोळ सापडावा तसं थोरलीचं झालं होतं. एकच वास, पण वास होता. ती नुसती उभी राहून तो घेत राही.

आणि चाखणाऱ्याची खोड जात नाही. चार-दोन दिवसांत ती त्याचा माग काढू लागली.

पहिल्या दिवशी तो बोळाच्या टोकाला, पुस्तकांच्या फळीपाशी होता. मग न्हाणीघराच्या दाराशी. मग झोपायच्या खोलीत, खिडकी आणि कपाट यांच्या मध्ये. गटाराचं असेल, असं तिने आधी स्वतःला सांगितलं. जुन्या इमारतीत पाइपांतून काय काय वर येतं. तिने न्हाणीघराच्या जाळीवर ओलं फडकं टाकलं. वाऱ्याचं असेल, म्हणून खिडक्या लावल्या. मग उलट करून पाहिलं. पंखा पाचवर टाकला. पडदा फडफडला, कॅलेंडरची पानं उलटी झाली. वास तसूभर हलला नाही.

तेव्हा तिला पहिल्यांदा खटकलं. वासाचा स्वभाव पसरायचा. खोलीच्या या कोपऱ्यात बाटली उघडली तर थोड्या वेळाने त्या कोपऱ्यातल्या माणसाला कळते. या वासाला कड होती. एक पाऊल पुढे टाकलं की आहे, मागे घेतलं की नाही. तिने डोळे मिटले आणि हळूहळू त्याच्याभोवती फिरली. कडेकडेने फिरता येत होतं. तो काही फार रुंद नव्हता. दोन्ही हात पसरले तर मिठीत मावला असता.

ती वाकली. जमिनीलगत काहीच नव्हतं. वर येत गेली तसा वास बदलत गेला, जसा ग्लास कडेपासून तळापर्यंत बदलतो. मध्ये सुती कापड. गळ्याच्या उंचीला दूध. तिच्या कपाळासमोर पेन्सिलचा भुसा. केस धुऊन दोन दिवस झाले की येतो तसा तेलकट, लाकडी. आणि तो लोखंडी वास तिला सगळीकडे सापडेना. शोधत शोधत ती खाली आली. तो कमरेच्या जरा खाली होता. एकदा डावीकडे. आणि मग, हातभर अंतरावर, तेवढ्याच उंचीला, उजवीकडे.

लोंबते हात. थोरलीने डोळे उघडले. समोर कपाटाचं दार होतं आणि खिडकीतून संध्याकाळचं सरळ, स्वच्छ ऊन आत आलं होतं. पुढच्या खोलीत मशीन थांबलं, दोरा तुटल्याचा आवाज आला, मशीन परत सुरू झालं.

ती मागे मागे चालत खोलीच्या बाहेर आली. का कोण जाणे, त्या जागेकडे पाठ करायचं तिला सुचलं नाही.

४

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं. त्यांनी छोट्या कुप्यांची पेटी काढली, तिचे डोळे मिटायला लावले, आणि एकेक कुपी नाकाखाली धरली. लवंग, कॉफी, साबण, रॉकेल. थोरलीला एकही कळली नाही. मग एक वास येतो म्हणता तो कसला, असं त्यांनी विचारलं. शेकडो वाइनींना जिने नावं दिली त्या थोरलीला याचं नाव सापडेना. कापड, पेन्सिल, दूध, किल्ली, असं सांगता आलं असतं. पण ते तुकडे होते. सगळं मिळून ते काय आहे, ते तिच्या अगदी जिभेवर होतं आणि उतरत नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, मज्जातंतू बरे व्हायला लागले की खोटे वास येतात. झोप घ्या. फार दमलेल्या दिसता.

ते खरंच होतं. थोरलीला रात्री झोप लागायची, पण सकाळी उठताना आदल्या दिवसापेक्षा जास्त दमल्यासारखं वाटायचं. दिव्यासमोरून बाटल्या जायच्या आणि तिचे डोळे त्यांच्या आरपार बघत राहायचे. एकदा तर पट्टा थांबवून देखरेखीचे साहेब विचारायला आले, बाई, बरं आहे ना. तिने हो म्हटलं.

धाकटीचं मात्र उलट चाललं होतं. ती गाणं गुणगुणायला लागली होती. कैक वर्षांत केस विंचरून वेणी घातली नव्हती, ती घालायला लागली. एका संध्याकाळी थोरली आत आली तर धाकटीने मान वर न करता विचारलं, "मग काय ठरलं?"

"कशाचं?"

"अगं, दुपारी म्हणालीस ना, माळ्यावरचे खोके खाली काढू या म्हणून."

"मी कामावर होते दुपारी."

धाकटीने सुई तोंडात धरली होती, ती काढली. क्षणभर तिच्या कपाळाला आठी पडली, आणि मग नाहीशी झाली. "मग कालचं असेल. माझं डोकं म्हणजे ना, सुतं तेवढी राहिलीत त्यात."

थोरलीला माळ्यावरच्या खोक्यांचं काही आठवेना. पण आपण बोललो नाही असं तरी कशावरून? हल्ली कामावर निघाल्यापासून परत येईपर्यंत काय काय झालं, तेही तिला धड सांगता आलं नसतं. दमलेलं माणूस बोलतं आणि विसरतं. असंच असेल, असं म्हणून ती आत गेली. चमचा काढला.

वास त्या दिवशी स्वयंपाकघरात होता. आणि कमी उंचीवर होता. टेबलाशी खुर्ची थोडी बाहेर ओढलेली होती, बसलेल्या माणसाला पाय घ्यायला जागा लागते तेवढीच.

५

शेवटी तिने धाकटीला सांगितलं. रविवारची दुपार होती, पण टेबल मांडलं नव्हतं. पुढच्या खोलीत धाकटी एका परकराला खालून दुमड घालत होती. थोरली तिच्या मशीनपाशी स्टुलावर बसली आणि जे काही होतं ते सांगून टाकलं. चमचाभर वाइनचं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. कड, उंची, लोंबते हात हे नाही सांगितलं. नुसतं म्हणाली, एक वास येतो.

धाकटीने काम बाजूला ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते. "कसला येतो? नीट सांग. मला सांगायला लावतेस तसं सांग."

थोरलीने डोळे मिटले. "सुती कापड. कोरं नाही, वापरातलं, उन्हात वाळलेलं. त्याच्याखाली पेन्सिल तासल्याचा. थोडं दूध, आंबट व्हायच्या आधीचं. आणि शेवटी किल्लीसारखं, लोखंड."

धाकटी हसली. आधी नाकातून, मग खळखळून.

"वेडी आहेस का तू ताई. हा तुझा वास आहे."

"माझा?"

"तुझा म्हणजे तुझाच. इतकी वर्षं तुझे कपडे इस्त्री करतेय मी. वाफ लागली की हाच येतो. पेन्सिलचं मला शब्दात सांगता आलं नसतं, पण तेच ते." तिने डोळे पुसले. "गिऱ्हाइकांचे कपडे मी डोळे मिटून ओळखते, तुला नाही ओळखणार? आपला वास आपल्याला येत नसतो. तुझं नाक परत येतंय, म्हणून आधी जवळचं सापडलं त्याला. बाई बाई, आणि तू डॉक्टरकडे काय जातेस एकटी."

ती उठली आणि थोरलीच्या गळ्यात पडली. तिच्या मानेत नाक खुपसून लहानपणीसारखा मोठा श्वास घेतला. आणि थोडी मागे झाली. मानेशी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. थोरलीच्या खांद्यावरून हात फिरवला आणि परत परकराकडे वळली.

सगळं जुळत होतं. जिभेवर असलेलं नाव उतरलं होतं. थोरलीला हायसं वाटायला हवं होतं, आणि अर्धा क्षण वाटलंही.

पण ती स्टुलावर बसली होती, खिडकीजवळ. आणि वास दारातून येत होता. तो दाराच्या चौकटीशी उभा होता, आतल्या बाजूला, जिथून मशीनवर काम करणारी धाकटी नीट दिसते.

६

बाटली ओतून टाकायची, असं तिने ठरवलं. त्यात शहाणपणा किती आणि भीती किती हे तिने तोललं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आली ती सरळ फ्रिजकडे गेली. बाटली नव्हती. ओट्यावर धुऊन पालथी घातली होती, लेबल भिजून निघालेलं.

"संपवली की आपण दुपारी," धाकटी बोळातून म्हणाली. हातात कुणाच्यातरी पँटी होत्या. "छान झाली ना पण शेवटी?"

थोरलीने ओट्याची कड धरली. "कशी होती?"

"आता मला परीक्षेला बसवतेस का? तूच म्हणालीस, आता उघडली म्हणून. पहिल्या दिवशी तर पाणी होतं नुसतं." धाकटी जवळ आली. "जर्दाळू होतं. अक्रोड. आणि ते शेवटी पावसानंतरच्या दगडासारखं. मी दगड म्हटलं तेव्हा तू किती हसलीस. ताई, तू अशी हसलीस ना, की मला वाटलं, चला, आलं माझं माणूस परत."

मी घरी नव्हते. एवढे तीन शब्द बोलायचे होते. थोरलीने तोंड उघडलं आणि धाकटीचा चेहरा पाहिला. वेणी घातलेली, गाल वर आलेले. लग्न मोडून आली तेव्हा हाच चेहरा बघायला थोरलीने जिवाचं रान केलं होतं; आणि नंतर स्वतःच तो घालवला होता, रोज थोडा थोडा, काही न बोलता, भिंतीकडे बघत.

"हो," थोरली म्हणाली. "दगड बरोबर होता."

त्या संध्याकाळी चमचा नव्हता, घोट नव्हता. तरी वास होता. तो आता जाणार नव्हता, हे तिला कळलं. जेवताना तो टेबलाच्या तिसऱ्या बाजूला होता. धाकटीने दोनच ताटं घेतली होती. पण वाढताना तिचा हात एकदा चुकून त्या रिकाम्या बाजूकडे गेला, आणि थोरलीचं ताट तिला पुन्हा शोधावं लागलं.

७

पट्ट्याची मोटर जळाली आणि कारखान्याने दुपारीच सगळ्यांना घरी पाठवलं. थोरली जिना चढली तेव्हा तीन-साडेतीन झाले असतील. इमारतीत सामसूम होती. मशीनची घरघर ऐकू येत नव्हती.

तिने किल्ली लावली, दार लोटलं. पुढच्या खोलीत मशीनवर अर्धवट शिवलेली बाही तशीच सुईखाली होती. स्वयंपाकघरातून धाकटीचा आवाज येत होता, मधूनच हसण्याचा. थोरलीने चपला काढल्या नाहीत. बोळात दोन पावलं टाकली.

स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं होतं, पुरतं लागलेलं नव्हतं. फटीतून टेबलाची एक बाजू दिसत होती. पांढरी चादर. नवीन बाटली. धाकटी, कोपर टेबलावर, हनुवटी तळव्यावर, समोरच्याकडे बघत.

"मध आहे," धाकटी म्हणाली.

"मध नाही. मेण." आवाज थोरलीचाच होता, फक्त थकलेला नव्हता. "मध गोड असतो. हे नुसतं पोळं आहे, मध काढून घेतलेलं."

फटीत एक हात आला. ग्लासाचा पाय अंगठा आणि दोन बोटांत धरलेला, आणि ग्लास हळूच चादरीवर तिरपा केलेला, कडेला रंग पातळ होतो ते बघायला. मनगटावरची बाही थोरलीच्या निळ्या ब्लाउजची होती. तिने खाली पाहिलं. तिच्या अंगातही निळाच ब्लाउज होता. त्यावर दिवसभराच्या चुण्या पडल्या होत्या; तो दुसरा कडक इस्त्रीचा होता.

तो हात थांबला. ग्लास टेबलावर ठेवला गेला. खुर्चीतून कुणीतरी दाराच्या दिशेला वळावं तसं लाकूड कुरकुरलं.

"काय गं?" धाकटी म्हणाली.

"काही नाही. बाहेर कुणीतरी आहे असं वाटलं."

"कोण असणार? दुपारचं कुणी येत नाही."

थोरली ओरडू शकली असती. दार ढकलू शकली असती. तिचं घर होतं, तिची बहीण होती. पण पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरत होता आणि तो वर घ्यायलाही तिला हात उचलवेना. धाकटी पुन्हा हसली, आणि ते हसू थोरलीने आपल्या अंगावरून जाऊ दिलं. ती उलट्या पावली बाहेर आली. कडी वाजू नये म्हणून दार दोन्ही हातांनी धरून ओढून घेतलं. आणि जिन्याच्या पायरीवर बसली.

किती वेळ बसली होती, तिला सांगता आलं नसतं. खालून नर्सबाई आल्या, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, हातात कुत्रीचा पट्टा. कुत्री म्हातारी, जाड, आंधळी होत आलेली, नाकावरच जगायची. जिन्यात कुणी भेटलं की हुंगल्याशिवाय सोडत नसे, आणि थोरलीवर तर तिचा जीव.

नर्सबाईंनी विचारलं, किल्ली विसरलात का. थोरली म्हणाली, नाही, जरा टेकले. नर्सबाई म्हणाल्या, टेका, टेका, पाय मोडतात हो या जिन्याने.

कुत्रीने कठडा हुंगला. पायरीची कड हुंगली. थोरलीने सवयीने हात पुढे केला होता. कुत्रीचं ओलं नाक त्या हाताजवळून गेलं, जसं भिंतीजवळून जातं, आणि तिच्या पावलावर पाय देऊन ती पुढे गेली. थोरलीच्या घराच्या दाराशी पोचली. उंबऱ्याच्या फटीला तिने नाक लावलं आणि तिचं सगळं मागचं अंग शेपटीसकट हलायला लागलं.

"अगं, ताई इथे बसल्यात," नर्सबाई हसल्या. "तिकडे काय?"

त्यांना पट्टा दोनदा ओढावा लागला. वरचं दार उघडलं, लागलं, आणि जिन्यात परत शांतता झाली. थोरलीने हात मांडीवर घेतला. तिने तो नाकाशी नेला नाही.

ऊन पायऱ्या उतरत खाली गेलं. थोरलीच्या रोजच्या यायच्या वेळेला आतून पावलं आली, धाकटीची, सपाता घासत चालणारी. ती दाराशी येऊन थांबली. दोघी एकट्या राहतात म्हणून धाकटी आतली कडी थोरली घरात आल्यावरच लावायची. तो नियम तिने एवढ्या वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

"आली ना सगळी आत?" आत कुणाला तरी तिने हसत विचारलं.

उत्तर थोरलीला नीट ऐकू आलं. मग कडी लागली.